डावीकडची लेन

“बेल्ट लावला का, अण्णा?”

“लावला.”

तरी शैलूने हात लांबवून माझा पट्टा ओढून बघितलाच. मग गाडी सुरू केली. म्हणजे केली असावी, कारण त्या गाडीचं सुरू होणं कधी कळायचंच नाही. आवाज नाही, थरथर नाही. समोर एक हिरवा दिवा लागायचा आणि गॅरेज आपल्यापासून लांब सरकायला लागायचं.

“अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर,” त्याने पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं. “हायब्रिड म्हणतात.”

ही गोष्ट दोन हजार सहा सालची, कॅलिफोर्नियातली. त्या जानेवारीत माझी बायको गेली. शैलू आमचा एकुलता एक. त्याला तिकीट मिळून तो बार्शीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हा तो रडला नाही. पाहुण्यांना चहा देत फिरत होता. मे महिन्यात त्याने मला तिकडे बोलावून घेतलं. माझा फोटो स्टुडिओ बंद होऊन दोन वर्षं झाली होती, बार्शीत मला अडवणारं काही नव्हतं. सहा महिन्यांचा व्हिसा मिळाला आणि मी गेलो.

तो राहायचा ट्रेसी नावाच्या गावात. तिथे घरं त्यातल्या त्यात स्वस्त. नोकरी मात्र डोंगरापलीकडे, फ्रीमाँटला. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार तास त्याचे रस्त्यातच जायचे. सून हेमांगी गावातल्याच एका दवाखान्यात हिशेबाचं काम बघायची आणि नात रेवा पाळणाघरात. दिवसभर मी एकटाच. टीव्ही लावायचो, बंद करायचो. कुंपणापाशी उभा राहून शेजाऱ्याच्या कुत्र्याशी मराठीत बोलायचो.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होतो. शैलू बाहेर आला आणि पायरीवर बसला.

“अण्णा, उद्यापासून माझ्याबरोबर याल का? फ्रीमाँटला?”

“मी येऊन काय करू?”

“तिथे मोठी बाग आहे. आपले पुष्कळ म्हातारे लोक येतात, लायब्ररी आहे. आणि माझं एक काम होईल. तिकडे हायवेवर सगळ्यात डावीकडची एक लेन असते. सकाळच्या गर्दीत त्या लेनमधून फक्त दोन माणसं असलेल्या गाड्या जाऊ शकतात. एकटा माणूस घुसला तर जबर दंड. तुम्ही असलात तर माझा अर्धा तास वाचेल.”

“म्हणजे मी तुझं दुसरं डोकं.”

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला होता.

“फक्त हेमांगीसमोर लेनचं काही बोलू नका. तिला वाटेल, मी तुम्हाला वापरून घेतोय.”

मला उलट बरं वाटलं. मुलाच्या घरी बसून खाण्यापेक्षा काहीतरी उपयोग होत होता.

मग रोज सकाळी अंधारात निघायचं. डोंगरावर रांगेने उभ्या पवनचक्क्या, पिवळं पडलेलं गवत, आणि पलीकडे उतरलं की गाड्यांचा खोळंबा. एकेका गाडीत एकेक माणूस, हातात कॉफी, चेहऱ्यावर झोप. तेवढ्यात सनोलचा चढ यायचा. तिथून रस्त्यावर पत्त्यांतल्या चौकटीसारखी पांढरी चिन्हं रंगवलेली दिसायला लागायची आणि शैलू गाडी डावीकडे घ्यायचा. बाकीच्या लेन मुंगीच्या पावलांनी चाललेल्या असायच्या आणि आम्ही त्यांच्या बाजूने सरळ निघून जायचो. डावीकडे काँक्रीटची बुटकी भिंत, तीही वेगाने मागे पळायची. मला मोठी गंमत वाटायची.

“बोला ना अण्णा काहीतरी,” तो म्हणायचा. विशेषतः त्या चढावर.

“काय बोलू?”

“काहीही. स्टुडिओतलं सांगा.”

मग मी सांगायचो. लग्न ठरवायला फोटो काढायला आलेली मुलगी खुर्चीवर बसल्या बसल्या कशी झोपली. एका पैलवानाने फोटोत छाती दिसली नाही म्हणून पैसे द्यायचं कसं नाकारलं. तेच तेच किस्से मी दोनदा, तीनदा सांगितले. तो प्रत्येक वेळी ‘मग?’ म्हणायचा. मला वाटायचं, पोराला गावाची आठवण येते.

बागेत खरोखरच म्हाताऱ्यांचा अड्डा होता. पंजाबी, गुजराती, दोन-तीन तेलुगू. माझी गट्टी जमली रमणीकभाईंशी. ते घाटकोपरला जन्म काढलेले, मराठी फाडफाड बोलायचे. दुपारी आम्ही तळ्याकाठी बसून डबा खायचो. शैलू संध्याकाळी मला न्यायला यायचा.

ऑक्टोबरमधली गोष्ट. रमणीकभाई मला सोडायला गाडीपर्यंत आले. शैलू फोनवर बोलत बाजूला उभा होता. रमणीकभाईंनी गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एक पिवळा स्टिकर होता. मी तो रोज बघत होतो.

“शेटेसाहेब, हा तर तुमच्या पोराकडे पन आहे!”

“सरकारी आहे. धूर कमी सोडणाऱ्या गाडीला देतात.”

“अरे, पन कशाला देतात ते माहीत आहे का? हा स्टिकर असला की कारपूल लेनमदून एकट्याने जायचं. दुसऱ्या मानसाची गरजच नाही. माजा मुलगा पन आदी मला घेऊन यायचा रोज. मग त्याने ही गाडी घेतली, स्टिकर आला आनि माजी नोकरी गेली!” ते स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. “आता मी आरामात उठतो आनि चालत येतो. तुमी फुकट हैरान होता.”

घरी जाताना शैलू म्हणाला, “आज गप्प का?” मी म्हटलं, डोकं दुखतंय.

डोकं दुखत नव्हतं, जळत होतं. मग हा मला रोज पहाटे उठवून का नेतो? खोटं का बोलला? विचार करत करत मी एकाच ठिकाणी पोचलो. सुनेला मी घरात नको असणार. तोंडावर सांगता येत नाही, म्हणून नवऱ्याला पुढे केलं. ‘हेमांगीसमोर बोलू नका’ याचा अर्थ आत्ता लागला, असं मला वाटलं. रात्री तिने गरम पोळी वाढली तर मी नको म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी शैलूने दारावर टकटक केली, तेव्हा मी अंथरुणातच होतो.

“अण्णा, निघायचं ना?”

“मी येत नाही आज.”

“बरं नाही का?”

“बरा आहे. तुझ्या गाडीला पिवळा स्टिकर आहे. तुला दुसऱ्या डोक्याची गरज नाही. जा एकटा.”

तो दारात उभा राहिला. खोलीत उजेड नव्हता, त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला.

गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला, खाली आल्याचा आला नाही. पुष्कळ वेळ झाला. खिडकीबाहेर फटफटायला लागलं. ती गाडी आवाज करत नाही, तेव्हा गेली असेल, फक्त दार लावायला विसरला असेल, असं म्हणून मी उठलो आणि दार लावायला गॅरेजमध्ये गेलो.

गाडी तिथेच होती. शैलू आत बसला होता. दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. मी काचेवर टिचकी मारली. त्याने काच खाली केली.

“अण्णा, या ना,” तो म्हणाला. एवढंच. लहानपणी संडासला जाताना अंगणात अंधार असायचा, तेव्हा हाक मारायचा ना, तशा आवाजात.

मी चपला घातल्या आणि आहे त्या कपड्यांत त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

सनोलच्या चढाखाली आल्यावर त्याने गाडी डावीकडे घेतली नाही. गर्दीच्या लेनमध्येच राहिला. आम्ही इंच इंच सरकत होतो.

“आधी मी आणि श्रीनिवास एका गाडीतून यायचो,” तो म्हणाला. “ऑफिसातला. तीन वर्षं. मग हे स्टिकर निघाले. त्याने एक हायब्रिड घेतली, मी एक घेतली. ज्याला जेव्हा निघायचं तेव्हा तो निघणार. सगळे म्हणाले, नशीबवान आहात. स्टिकर संपणार आहेत, तुम्हाला वेळेत मिळाले.”

“मग?”

“मग मी एकटा यायला लागलो. त्या लेनमधून.” त्याने मानेने डावीकडे दाखवलं. “इथे गर्दीत कसं, पुढच्या गाडीकडे बघावं लागतं, ब्रेक मारावा लागतो. तिथे काहीच करावं लागत नाही. लेन मोकळी. शेजारी कोणी नाही. आणि ती भिंत अगदी हाताशी.”

“ऑगस्टमध्ये एक दिवस हात वळला, अण्णा.”

“झोप लागली असेल.”

“नाही. जागा होतो.”

“शैलू—”

“घासली फक्त. मीच परत ओढली. ऑफिसला गेलो, मीटिंग केली, दुपारी गाडी दुरुस्तीला टाकली. हेमांगीला सांगितलं, पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेलं. त्या रात्री मला वाटलं, शेजारी कोणी असलं तर मी असं करणार नाही. निदान तुम्ही असलात तर नाही.”

मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. तो हात माझाच आहे असं मला वाटेना.

“कशासाठी रे? काय कमी आहे? ऑफिसात काही झालं? तुझ्या आईचं मनाला लागलंय का?”

“तसं काही झालेलं नाही. तेच सांगता येत नाही. सकाळी उठतो तेव्हा वाटतं, अजून एक दिवस. बस.”

“डॉक्टरला दाखवू.”

“इथे नाही दाखवता येत. ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा जाईल. ग्रीन कार्डची पाच वर्षं पाण्यात. घराचे हप्ते आहेत, रेवा आहे.” तो एकदम माझ्याकडे वळला. “हेमांगीला सांगायचं नाही. कोणालाच नाही. आईची शपथ घ्या.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पुढे जागा झाली होती.

“घ्या, अण्णा.”

मी घेतली.

बागेपाशी त्याने मला सोडलं. म्हणाला, “बरं वाटतंय बोलून.” चेहराही थोडा हलका दिसत होता. मला वाटलं, झालं, निघालं बोलण्यातून. मग रमणीकभाई आले आणि त्यांनी सहज विचारलं, “तुमची फ्लाइट कधी हो?”

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. तोवर मी त्याच्या शेजारी बसणार. त्यानंतर कोण बसणार?

मी तळ्याकडे बघत बसलो. पाण्यावर बदकं होती. रमणीकभाई काहीतरी सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. जिची शपथ घेतली ती जाऊन नऊ महिने झाले होते. तिला आता काही होणार नव्हतं.

“रमणीकभाई, तुमचा फोन द्याल का जरा?”

हेमांगीचा नंबर मला पाठ होता. तिने फोन उचलला आणि मी सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

“हेमांगी? पोरी?”

“मला म्हणाला होता, अण्णांना घरी करमत नाही,” ती म्हणाली. “मी म्हटलं, बरंय, बाप-लेक बरोबर असतात.” मग तिचा आवाज बदलला. “तुम्ही तिथेच थांबा. त्याला फोन करू नका.”

ती आली तेव्हा दुपार कलली होती. रेवाला मैत्रिणीकडे ठेवून आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला अशा वेळी मदत मागायचा एक नंबर दिला होता. त्या नंबरवर तिने काय झालं ते सांगितलं होतं, आणि त्यांनी शैलूच्या ऑफिसचा पत्ता विचारून घेतला होता. आम्ही ऑफिसला पोचलो तर पार्किंगमध्ये पोलिसांच्या दोन गाड्या.

“पोलिस कशाला?” मी विचारलं.

“मी डॉक्टर पाठवा म्हटलं होतं,” ती म्हणाली. “पोलिस पाठवा म्हटलं नव्हतं, अण्णा.”

काचेचं दार उघडलं. दोन पोलिसांच्या मधून शैलू बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र आणि हात मागे. हातकड्या होत्या. मागे काचेला चिकटून त्याच्या ऑफिसातले लोक उभे. त्यातला एक काळासावळा, चष्मेवाला माणूस तोंडावर हात ठेवून रडत होता. तो श्रीनिवास असावा.

मी पुढे धावलो. तरण्या पोलिसाने मला अडवलं आणि काहीतरी मऊ आवाजात सांगितलं. हेमांगी म्हणाली, “तो म्हणतोय, ही पद्धत आहे. अटक नाही. हॉस्पिटलला नेतायत.”

शैलूने मला बघितलं. आरडाओरडा केला नाही. आजूबाजूच्या कोणाला कळू नये म्हणून असेल, मराठीत म्हणाला, “अण्णा, आईची शपथ होती.”

पोलिसाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आत बसवलं, डोकं दाराला लागू नये म्हणून. दार लागलं.

तीन दिवस त्याला ठेवून घेतलं होतं. हेमांगी रोज जायची. दुसऱ्या दिवशी मीही गेलो. बाहेर बाकावर बसलो. ती आत जाऊन आली आणि म्हणाली, “त्याला सध्या कोणाला भेटायचं नाही.” कोणाला म्हणजे मला, हे तिने सांगितलं नाही.

तो घरी आला. औषधं सुरू झाली. माझ्या समोरून जायचा-यायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. मी माझा व्हिसा वाढवून घेता येतो का, असं हेमांगीला विचारलं. ती म्हणाली, “आत्ता नको. तुम्ही दिसलात की त्याला तो दिवस आठवतो.”

विमानतळावर तीच मला सोडायला आली. बॅगा उतरवून झाल्यावर मी तिला म्हटलं, “हेमांगी, मी चूक केली का?”

“मला माहीत नाही, अण्णा.” ती रस्त्याकडे बघत होती. “मी त्याच्या शेजारी रोज झोपते. मला सांगितलं नाही त्याने. तुम्हाला सांगितलं. मी अजून तिथेच अडकलेय.” मग तिने वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसून निघून गेली.

पुढच्या वसंतात ऑफिसाने काही माणसं कमी केली, त्यात शैलू होता. त्याच्या त्या आजारपणामुळेच, असं कोणी म्हणालं नाही, म्हणणारही नाही. ग्रीन कार्ड राहूनच गेलं. घर विकायला काढलं तेव्हा भाव पडायला लागले होते. ती तिघं पुण्याला परत आली. हिंजवडीला त्याला नोकरी लागली, तिथल्यापेक्षा खालच्या पायरीची. औषधं तो अजून घेतो. हेमांगी म्हणते, मधे दोन वर्षं फार वाईट गेली, पण तिने वेळेवर ओळखलं. आता तिला ओळखता येतं.

माझ्याशी तो कामापुरतं बोलतो. मला पैसे पाठवतो, दिवाळीला येतो, आईच्या श्राद्धाला येतो. एकदा जेवताना मी विषय काढला. “शैलू, त्या वेळी मी जे केलं—”

“तुमची बीपीची गोळी घेतली का?” त्याने विचारलं आणि ताट उचलून उठला.

परवाच्या उन्हाळ्यात माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, पुण्यात. सगळी धावपळ त्यानेच केली. सह्या त्याच्या, रक्ताची सोय त्याची. मला खोलीत आणून झोपवलं, तेव्हा तो बाहेर जाऊन बसला. दुपारनंतर एक लातूरकडची सिस्टर सलाइन बदलायला आली. बोलकी होती.

“आजोबा, बाहेर बसलेत ते कोण तुमचे?”

“मुलगा.”

“सकाळपासून तिथंच हायत. चहाला चला म्हटलं तर उठंनात. आत का येत नाहीत?”

“रागावलाय माझ्यावर.”

“अगोबाई! कधीपासून?”

“झाली सतरा-अठरा वर्षं.”

ती हातातली बाटली तशीच धरून माझ्याकडे बघायला लागली. मी चेष्टा करतोय का, हे तिला ठरवता येत नसावं.

“बोलवू का मी त्यांना?”

“नको,” मी म्हटलं. “जाताना दार तेवढं उघडं ठेवा.”

तिने ठेवलं. पडल्या पडल्या मला त्याचा अर्धा खांदा, एक गुडघा आणि हातातलं वर्तमानपत्र दिसत होतं. कानामागचे केस पांढरे झालेले होते. त्याने पान उलटलं, घडी नीट केली, परत वाचायला लागला. मी बघत पडून राहिलो.